तळे राखील तो

(सिहोरा येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्वागतमंडळाने आम्हांस ‘गोड्या पाण्यातील मासेमारी आणि आपला ढीवर समाज’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तिला मान देऊन आम्ही आपणापुढे उभे आहोत. विषय आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. येथे बसलेल्या मंडळींपैकी कित्येकांचे हात जाळे विणण्यात गेले, कित्येक भगिनींनी डोक्यावर टोपली घेऊन तुमसरपर्यंतचे बाजार केले. अशा जाणत्या मंडळींपुढे मासेमारीवर बोलणे म्हणजे वैनगंगेला पाणी दाखविण्यासारखेच आहे. तथापि रोजच्या धकाधकीत हाताखालचे काम दिसते आणि त्या कामाचा एकंदर हिशेब मात्र नजरेआड राहतो. तो हिशेब वर्षातून एकदा सर्वांनी मिळून मांडावा, एवढ्याच हेतूने आमचे हे बोलणे आहे.

हे संमेलन सिहोऱ्यास भरले हे फार उचित झाले. भोवती सातपुड्याच्या फाट्यांतील टेकड्या, जवळच चांदपूरचा जलाशय आणि त्याच्या काठचे श्रीहनुमंताचे देवस्थान, एकीकडे बावनथडी आणि दुसरीकडे वैनगंगा. भंडाऱ्यास ‘तलावांचा जिल्हा’ म्हणतात तो का, हे येथे कोणास सांगावे लागत नाही. दिनांक १ मे १९९९ रोजी जुन्या जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया निराळा झाला, परंतु तलावांची साखळी काही त्यामुळे तुटली नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून जुने मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. लहान बोड्या आणि अलीकडचे पाटबंधाऱ्याचे जलाशय त्याहून निराळे. देशात इतके तळ्यांनी भरलेले प्रदेश थोडे असतील.

अशा प्रसंगी आपल्या समाजाचे प्राचीन मोठेपण सांगण्याची प्रथा आहे. महर्षी व्यासांची माता सत्यवती धीवराच्या घरी वाढली, प्रभू रामचंद्रांना गंगापार नेणारा नावाडी आपल्यापैकीच होता, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो आणि सांगावेही. परंतु पूर्वजांनी नाव वल्हवली एवढ्यावर आपली नाव पैलतीरास लागत नाही. यास्तव पुराणांस वंदन करून आम्ही सरळ तळ्याच्या पाळीवर येतो.

मराठीत एक म्हण आहे : तळे राखील तो पाणी चाखील. लोक ती बहुधा उपरोधाने वापरतात. ज्याच्या हाती कारभार तो थोडेबहुत आपल्या पदरात पाडून घेणारच, असा तिचा रूढ अर्थ. आम्हांस आज तिचा सरळ अर्थ घ्यावयाचा आहे. ज्याने तळे राखावे, त्यालाच त्याचे पाणी चाखण्याचा हक्क पोचतो. आणि याच्या उलट, ज्याने राखणे सोडले त्याचा चाखण्याचा हक्कही फार दिवस टिकत नाही. आपल्या समाजापुढचा आजचा सर्व प्रश्न आमच्या मते या एका म्हणीत सामावला आहे.

प्रथम हे तळे कोणी राखिले ते पाहू. गोंड राजांच्या काळी या भागात तलाव बांधण्यास उत्तेजन मिळाले आणि कोहळी समाजाने या विद्येत नाव मिळविले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला अशी परंपरा आजही सांगितली जाते. दोन टेकड्यांमधील अरुंद जागा हेरून तेथे मातीची पाळ घालावयाची, जास्तीचे पाणी जाण्यास सांडवा ठेवावयाचा, तुडुमातून पाणी सोडून खालच्या बांध्या भिजवावयाच्या, आणि एका तलावाचे सांडलेले पाणी पुढच्या तलावात झेलावयाचे, अशी ती योजना होती. कोहळ्याने पाळ राखली, शेतकऱ्याने पाट राखला, आणि पाण्यात उतरून जो माणूस तळ्याचे अंतरंग जाणत होता, तो ढीवर. कोठे खोल डोह आहे, कोठे चिखल आहे, कोणत्या बाजूस कोणती वनस्पती वाढते, मासा अंडी कोठे घालतो, हे ज्ञान कोणत्याही दप्तरात लिहिलेले नव्हते. ते आपल्या वाडवडिलांच्या पायांना आणि हातांना ठाऊक होते. त्याच हातांनी शिंगाडा लावला, डोंगा चालविला आणि रानात ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडेही पोसले. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ढीमरांच्या अशा नाना उद्योगांची नोंद सापडते.

मालगुजार तलावाचा धनी होता आणि ढीवर त्याच्या मर्जीने मासे धरीत होता, ही त्या काळची दुसरी बाजूही विसरता कामा नये. धन्याचा वाटा आधी, आपला मागाहून. त्या व्यवस्थेत ज्ञान आपले होते, मालकी नव्हती.

पुढे स्वातंत्र्य आले. भंडारा तेव्हा मध्यप्रदेश राज्यात होता. त्या राज्याच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यान्वये दिनांक ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि पुष्कळसे लहान तलाव त्यांच्याकडे गेले. दहाबारा वर्षांत तळ्याचे धनी इतक्या वेळा बदलले. मालगुजार गेला हे इष्टच झाले. परंतु त्याच्याबरोबर पाळीवर रोज फेरी मारणारा माणूसही गेला. तेव्हापासून एकाच तलावाचे पाणी एका खात्याकडे, मासळी दुसऱ्या खात्याकडे आणि काठाची जमीन तिसऱ्याकडे, असा कारभार सुरू झाला. पाळ फुटली तर अर्ज कोठे करावा, गाळ काढावयाचा तर परवानगी कोणाची, काठावर अतिक्रमण झाले तर दाद कोठे मागावी, याचा थांग लागता लागत नाही. ज्याचे त्याचे काम ते कोणाचेच नाही, अशी तळ्याची स्थिती झाली.

या पोकळीत आपल्या समाजाला जो आधार मिळाला तो सहकाराचा. मासेमारांनी आपली संस्था नोंदवावी, संस्थेने तलाव ठेक्याने घ्यावा आणि सभासदांनी मिळून धरलेली मासळी विकावी, ही कल्पना आपल्या भागात रुजविण्यासाठी जुन्या पिढीने अपार कष्ट केले. रामटेक मतदारसंघातून १९७७ आणि १९८० साली लोकसभेवर निवडून गेलेले जतिरामजी बर्वे यांचे नाव या संदर्भात विदर्भातील मासेमार बांधव आजही आदराने घेतात. ज्याला कालपर्यंत मालगुजाराच्या दारात उभे राहावे लागे, तो संस्थेचा सभासद म्हणून सरकारी कचेरीत खुर्चीवर बसू लागला. हा बदल लहान नव्हे.

परंतु समाजबांधवहो, ठेका हाती आला म्हणजे तळे हाती आले असे नव्हे. ठेका हा कागद आहे. त्याची मुदत संपते. तळे हे जिवंत आहे. त्याची निगा एक वर्ष चुकली तर पुढची पाच वर्षे भोगावी लागते. काही ठिकाणी असे दिसते की ठेक्याची रक्कम भरण्यास पैसा नाही म्हणून संस्था सावकार-व्यापाऱ्याकडून उचल घेते. व्यापारी बीज आणतो, जाळी आणतो, भाव ठरवितो आणि मासळीही उचलतो. सभासद आपल्याच तळ्यावर रोजंदारीने जाळे ओढतो. कागदावर नाव संस्थेचे, प्रत्यक्षात तळे परक्याचे. मालगुजार पुढच्या दाराने गेला आणि मागच्या दाराने परत आला, असेच याला म्हणावे लागेल. अशा संस्थेत सभा भरते ती सह्यांपुरती आणि पुढची पिढी सभासदत्वाची पावती घेण्यासही येत नाही. तिने तरी का यावे?

शेजारच्या मध्यप्रदेशातील एक उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. नर्मदेच्या खोऱ्यात तवा नदीवर धरण झाले आणि तेथील आदिवासी विस्थापित झाले. पुष्कळ झगड्यानंतर १९९६ साली त्यांच्या संस्थांच्या संघाला, म्हणजे तवा मत्स्य संघाला, जलाशयाचा ठेका पाच वर्षांसाठी मिळाला. ही मंडळी परंपरागत मासेमार नव्हती. तरी त्यांनी स्वतः बीज सोडले, पावसाळ्यातील बंदी पाळली, चोरटी मासेमारी रोखली आणि विक्री संघाच्या हाती ठेविली. २००१ साली ठेका वाढवून मिळाला. परंतु पुढे तेथील वन्यप्राणी संरक्षणाच्या नियमांमुळे २००६ च्या अखेरीस तो संपला आणि पुन्हा मिळाला नाही. या कथेतून दोन धडे मिळतात. पहिला असा की, हाती कारभार आला तर गरीब माणूस तळे उत्तम राखतो. दुसरा असा की, केवळ ठेक्यावर उभारलेला हक्क एका आदेशाने जाऊ शकतो. त्याला कायद्याचा अधिक खोल पाया असावा लागतो. त्या पायाविषयी आम्ही शेवटी बोलू.

आता मासळीकडे वळू. आपल्या तळ्यांतून आज जी मासळी मुख्यतः निघते, ती कटला, रोहू आणि मृगळ. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरते, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. म्हणून तिन्ही एकत्र सोडल्या तर एकमेकींच्या ताटात हात घालीत नाहीत. यांची वाढ झपाट्याची, बाजारात मागणी चांगली. परंतु या मासळ्या साध्या साचलेल्या तळ्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून पूर्वी त्यांचे बीज बंगालकडील नद्यांतून धरून रेल्वेने दूरदूर पाठवीत. दिनांक १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाला पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात प्रजोत्पादन घडविले, आणि बीजाचा प्रश्न सोडविण्याचा मार्ग मोकळा झाला. तोच दिवस आज देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्याच सुमारास परदेशातून सायप्रिनस, चंदेरी आणि गवत्या या जाती आल्या. देशाच्या अन्नाच्या दृष्टीने ही मोठी कामगिरी होती यात शंका नाही.

परंतु हिशेबाच्या वहीला दोन बाजू असतात. कटला-रोहूचे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. जिरे आणले तर त्यांतील बहुतेक मोठ्या माशांच्या पोटात जातात. बोटाएवढी बोटुकली सोडावी तर किंमत जास्त पडते. ज्या वर्षी संस्थेजवळ पैसा नाही, त्या वर्षी तळे रिकामे. आणि पैसा नसला की व्यापाऱ्याचे दार ठरलेलेच. याउलट मरळ, मांगूर, टेंगडा, वाम, झिंगे आणि कित्येक प्रकारची बारीक मासळी तळे आपण होऊन देत असे. तिचे बीज कोणी विकत आणले नाही. मरळ काठच्या गवतात जागा करून अंडी घालते आणि पिले मोठी होईपर्यंत जोडी त्यांच्याभोवती पहारा देते. तांबूस पिलांचा झुबका पाण्यावर दिसला की खाली मरळ आहे हे आपल्या मुलांनाही कळते. त्या वेळी तिच्यावर गळ टाकला तर एक मासा मिळतो आणि सबंध झुबका इतरांचे भक्ष्य होतो. वडीलधारी मंडळी पिलांवरच्या मरळीला हात लावू नये म्हणत, ते भूतदयेपोटी जितके तितकेच हिशेबापोटीही होते.

मरळ आणि मांगूर हवेतून श्वास घेऊ शकतात. म्हणून उन्हाळ्यात तळे आटून चिखल उरला तरी त्या तग धरतात, आणि बाजारात जिवंत पोचतात म्हणून भावही अधिक मिळतो. बारीक मासळीचे निराळेच महत्त्व आहे. मोठा मासा विकला जातो आणि बारीक मासळी घरच्या हंडीत शिजते. ती काट्याडोक्यासकट खाल्ली जाते, म्हणून तिच्यातून हाडांना लागणारे द्रव्य मिळते. बांगला देशातील शास्त्रज्ञांनी तेथील मोला नावाच्या बोटाएवढ्या माशात डोळ्यांस उपकारक असे अ जीवनसत्त्व विपुल असल्याचे दाखवून दिले आहे. तेव्हा बारीक मासळी गेली म्हणजे आपल्या लेकरांच्या ताटातील दूध-लोण्याएवढी वस्तू गेली, असेच समजावे.

ही देशी मासळी का रोडावली? कारण तिचे घर मोडले. मासा केवळ पाण्यात राहत नाही. तो पाण्यातील वनस्पतींत राहतो, तेथेच अंडी घालतो आणि तेथेच लपतो. कमळे, पाण्याखालची शेवाळासारखी झाडे, काठचे लव्हाळे आणि देवधान या सर्वांचा मिळून तो संसार असतो. आता काठावर बेशरमाची झुडुपे माजली आणि त्यांनी मूळ वनस्पतींची जागा घेतली. गवत्या मासा सोडला की तो उरलेली वनस्पती फस्त करतो. गाळ काढण्याची योजना निघाली की यंत्र सगळा तळ सारखा खरवडून काढते आणि उथळ काठाच्या मुळ्या-बिया त्या गाळाबरोबर निघून जातात. गाळ काढावा, तो काढल्यावाचून तळे जगत नाही. परंतु एका कडेने मूळ वनस्पतींचा पट्टा राखून काढावा, एवढेच आमचे सांगणे आहे. त्यातून आणखी एक संकट म्हणजे विलायती मांगूर. हा मासा हाती पडेल ते खाऊन तळे उजाड करतो, म्हणून केंद्र शासनाने २००० सालीच त्याच्या पालनास बंदी घातली आहे. थोड्या नफ्यासाठी त्याचे बीज आणून देणारा मनुष्य भेटला, तर त्यास दारातूनच परत पाठवावे.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. आपल्याच जुन्या जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने, श्री. मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने, ढीवर बांधवांच्या संस्थांबरोबर जे काम केले ते डोळ्यांनी पाहून येण्यासारखे आहे. कोणत्या वनस्पतीपाशी कोणता मासा राहतो, हे जुन्या मासेमारांना विचारून लिहून काढले. मग बेशरम उपटली, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळाची नांगरट केली, आणि दुसऱ्या तळ्यांतून आणलेल्या देशी वनस्पती तेथे लावल्या. या कामात आपल्या भगिनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून पुढे राहिल्या. गेलेली देशी मासळी त्या तळ्यांत पुन्हा दिसू लागली आणि पाण्यावर पाखरेही उतरू लागली. यात परदेशी यंत्र नव्हते की मोठे अनुदान नव्हते. आपल्या वाडवडिलांचे ज्ञान होते आणि ते लिहून घेणारा कागद होता.

पाण्याचाही विचार केला पाहिजे. आपले बहुतेक तलाव धानासाठी बांधले आहेत आणि शेतकऱ्याचा त्यावरील हक्क पहिला, हे आपणांस मान्यच आहे. आपल्यापैकी पुष्कळांची दोन-चार बांध्यांची शेती आहे. चांदपूरच्या जलाशयात सोंड्याटोला योजनेने बावनथडीचे पाणी उपसून आणतात, त्यामागेही शेतीचाच विचार आहे. परंतु उन्हाळी धानासाठी तळ्याचा तळ दिसेपर्यंत पाणी सोडले, तर पुढच्या पावसाळ्यात अंडी घालणारी मासळीच उरत नाही. तळ्यातील सर्वांत खोल डोहात काही पाणी राखून ठेवावे आणि त्या डोहात जाळे टाकू नये, एवढे शेतकरी आणि मासेमार यांनी एकत्र बसून ठरविले तर दोघांचेही नुकसान होत नाही. गुरांना पाणी राहते आणि विहिरींचे झरेही जिवंत राहतात. हे भांडणाने साधणारे काम नव्हे. ते गावच्या पारावर बसून साधावे लागेल.

नदीचे दुखणे याहून मोठे आहे. गोसीखुर्द येथील धरणाची कोनशिला दिनांक २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी बसविली. धरणाने वाहती वैनगंगा जलाशय झाली. पुराच्या उलट्या धारेने वर चढणाऱ्या मासळीची वाट बंद झाली, काठची गावे उठली, आणि नदीच्या धारेत जाळे टाकण्याची विद्या खोल, स्थिर पाण्यात निरुपयोगी ठरली. त्यातच नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हान व वैनगंगेत उतरून तेथे साचते. मासळी मेली तर तिची नुकसानभरपाई कोणी कोणास द्यावी याची नीट व्यवस्था नाही. धरण झाल्यावर ज्याची शेती बुडाली त्याचा सातबारा होता. ज्याची नदी बुडाली त्याच्याजवळ दाखविण्यास कोणता कागद होता? म्हणूनच आम्ही कागदाविषयी इतक्या आग्रहाने बोलतो.

तळे राखणे म्हणजे नियम करणे आणि ते पाळणे. हा नियम सरकारनेच करावा लागतो असे नाही. तुर्कस्तानात समुद्रकाठी अलान्या नावाचे गाव आहे. तेथील सुमारे शंभर मासेमारांत चांगल्या जागेवरून रोज भांडणे होत. शेवटी त्यांनी मासेमारीच्या सर्व जागांची यादी केली आणि दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक जागा वाटून देण्याची रीत पाडली. नंतर प्रत्येकजण रोज एक जागा पुढे सरकत असे, म्हणजे उत्तम जागेचा लाभ पाळीपाळीने सर्वांस मिळे. कोणी दुसऱ्याच्या जागेवर बसला तर ज्याची पाळी असे तोच त्यास उठवीत असे. शिपायाची गरज लागत नसे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषींनी असल्या सामाईक व्यवस्थांचा जन्मभर अभ्यास केला आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सांगण्याचे सार आपल्या आजोबांना कळले असते : जे सामाईक आहे ते वापरणाऱ्यांनीच ठरविलेल्या शिस्तीने टिकते.

आता आमच्या सूचना थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट, प्रत्येक संस्थेने आपल्या तळ्याची एक वही ठेवावी. तळ्याचे नाव, कोणत्या खात्याचे, ठेक्याची मुदत, पाणी केव्हा किती चढले-उतरले, बीज कोणते, कोठून व किती सोडले, मासळी किती निघाली, कोणत्या देशी जाती दिसल्या व कोणत्या दिसेनाशा झाल्या, हे सर्व तीत लिहावे. शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींकडून हे काम सहज होईल आणि त्यांना तळे ओळखीचेही होईल.

दुसरी गोष्ट, ठेका परक्याच्या हाती देऊ नये. पैशाची अडचण खरी आहे. पण किसान क्रेडिट कार्डाची सोय मासेमारांस २०१८-१९ पासून खुली झाली; २०२० साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू झाली आणि तीत अपघाती मृत्यू झाल्यास वारसास पाच लाख रुपयांच्या विम्याची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २०२५ सालच्या एप्रिल महिन्यात मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या सवलती घरी चालून येत नाहीत. ज्याच्या संस्थेचे दप्तर चोख, त्यालाच त्या लागू पडतात.

तिसरी गोष्ट, भगिनींना सभासद करून घ्यावे. मासळी धरतो पुरुष, परंतु ती विकून पैसा घरी आणते स्त्री. बाजाराचा भाव, उधारी आणि गिऱ्हाईक यांची माहिती तिच्याजवळ आहे. असे असता संस्थेच्या सभेत तिला जागा नसावी हे न्यायाचे नाही आणि शहाणपणाचेही नाही.

चौथी गोष्ट, पावसाळ्यातील अंडी घालण्याच्या दिवसांत जाळे वाळत ठेवावे, मच्छरदाणीसारख्या बारीक जाळीने पिले गाळून काढू नयेत आणि एक डोह राखीव ठेवावा. हा नियम मोडणाऱ्यास दंड किती, हे सभेनेच ठरवावे आणि पहिला दंड पदाधिकाऱ्याच्या नात्यातल्या माणसाला झाला तरी तो माफ करू नये.

पाचवी गोष्ट कायद्याची, जिचा उल्लेख मागे केला. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये जलाशयांतील मासळी व इतर उपज यांचा स्पष्ट निर्देश आहे. आपल्या या टेकड्यांच्या भागात वनहद्दीतील तळी आहेत. आपला समाज अनुसूचित जमातींत मोडत नसल्यामुळे, तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षे आपण तेथे राहून वनावर उपजीविका करीत आलो, याचा पुरावा द्यावा लागतो. हे काम कठीण आहे, अशक्य नाही. जुने निस्तारपत्रक, शाळेचे दाखले, मालगुजारीच्या काळातील कागद, वृद्धांचे जबाब, जे मिळेल ते आजच गोळा करावे. आज नव्वदीत असलेला वृद्ध उद्याच्या सभेला येईलच असे नाही आणि त्याच्याबरोबर आपला पुरावाही निघून जाईल.

समाजबांधवहो, आपल्या मुलांनी शिकावे, नोकऱ्या कराव्या, डॉक्टर-इंजिनिअर व्हावे, अशी आपणां सर्वांची इच्छा आहे आणि आमचीही आहे. पण सर्वच मुले गाव सोडून जाणार नाहीत आणि जी राहतील त्यांना आपण काय देणार आहोत? तळे राखलेले असेल तर ती मुले एका जिवंत उद्योगाची धनी होतील. तळे राखलेले नसेल, तर त्यांच्या वाट्याला केवळ दुसऱ्याचे जाळे ओढणे येईल. आणि जी मुले शिकून मोठ्या पदांवर गेली, त्यांनाही आमचे सांगणे आहे की वर्षातून एकदा गावी येऊन आपल्या संस्थेचे दप्तर तपासावे. समाजाचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

पुढील वर्षी संमेलन भरेल तेव्हा आपणांपैकी निदान पाच संस्थांनी आपल्या तळ्याच्या वह्या येथे आणून सभेपुढे ठेवाव्या, अशी आमची विनंती आहे. भाषणे ऐकण्याहून त्या वह्या वाचण्यात आम्हांस अधिक आनंद वाटेल. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!